शाळेसाठी विज्ञानाची बाहेरची साथ : गोव्यात अर्ज कुणाकडे, कागद कोणते

आमच्या शाळेला एका कंपनीने दुर्बीण दिली. फोटो निघाले, पेपरात बातमी आली. पुढचा पावसाळा सरल्यावर कपाट उघडलं तर भिंगावर बुरशी. देणाऱ्यांना फोन केला तर ते काम बघणारा माणूस नोकरी सोडून गेलेला. चूक त्यांची जेवढी, तेवढीच आमची. देखभाल कोण करणार हे आम्ही विचारलं नव्हतं, मग कागदावर कुठून असणार? तेव्हापासून शाळेच्या दारात कुणीही किट घेऊन आलं की मी आधी कागद काढतो.

पहिला प्रश्न, सही कुणाची? सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाने बाहेरच्या संस्थेशी स्वतःच्या सहीने एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, करू नये. प्रस्ताव भागशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत पर्वरीला शिक्षण संचालनालयाकडे पाठवावा आणि लेखी मंजुरी हातात आल्यावरच पुढे जावं. अनुदानित विद्यालयात करार व्यवस्थापनाच्या नावाने होतो. त्यासाठी कार्यकारिणीचा ठराव हवा, आणि शाळेच्या वेळेत बाहेरची माणसं वर्गात शिकवणार असतील तर संचालनालयाला पत्र देऊन पोच घ्यावी. पालक-शिक्षक संघाच्या इतिवृत्तातही विषय नोंदवून ठेवा. उद्या एखाद्या पालकाने हरकत घेतली तर ते पान कामाला येतं.

आता साथ कुणाची मागायची? पैसे नको, माणसं किंवा वस्तू हव्या असतील तर सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे केंद्राचं विद्यांजली पोर्टल. सप्टेंबर २०२१ मध्ये ते नव्या रूपात आलं आणि सरकारी व अनुदानित शाळांसाठी खुलं आहे. यूडायस कोड, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, टाकून शाळेची नोंदणी करायची आणि गरज मांडायची. कुणी तयारी दाखवली की स्वीकारायचं किंवा नाकारायचं, हे शाळेच्या हातात. रोख देणगी इथे चालत नाही. फक्त गरज नीट लिहा. ‘विज्ञान साहित्य हवे’ असं लिहिलंत तर कुणीतरी जुने तक्ते आणून देईल. ‘आठवीच्या ४० मुलांसाठी, दर शनिवारी दोन तास, इलेक्ट्रॉनिक्स जोडणी शिकवणारी व्यक्ती’ असं लिहिलंत तर नेमका माणूस भेटण्याची शक्यता वाढते.

गोव्याएवढ्या लहान राज्यात विज्ञानाचं केवढं मोठं घबाड आहे हे आपण विसरतो. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून आहे. सीएसआयआर, म्हणजे केंद्राची वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद. तिचा ‘जिज्ञासा’ हा शाळकरी मुलांना शास्त्रज्ञांशी जोडणारा कार्यक्रम २०१७ पासून चालतो आणि ही संस्था सीएसआयआरचीच. वास्कोला ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे, जुन्या गोव्यात भारतीय कृषी संशोधन परिषदेची (आयसीएआर) किनारी शेती संशोधन संस्था, झुआरीनगरला बिट्स, फर्मागुडीला आयआयटी, मिरामारला विज्ञान केंद्र. अशा ठिकाणी छापील फॉर्म शोधत बसू नका. संचालकांच्या नावे शाळेच्या लेटरहेडवर एक पानी पत्र पुरतं. त्यात इयत्ता, मुलांची संख्या, सोबतचे शिक्षक, दोन पर्यायी तारखा आणि मुलांनी तिथे काय पाहावं असं तुम्हाला वाटतं, एवढं असू द्या. सत्तरी किंवा काणकोणसारख्या लांबच्या तालुक्यातून मुलांना आणायचं तर बसचा खर्च कुणाचा, हेही त्याच पत्रात लिहा. अशा सहली बहुतेक वेळा बसपाशीच अडतात.

मोठा निधी हवा असेल तर सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. शिक्षण त्यात बसतं. पण शाळेच्या बाजूने तीन गोष्टी माहीत हव्यात. एक, निधी शाळा चालवणाऱ्या संस्थेमार्फत खर्च होणार असेल तर संस्थेकडे आयकर खात्याची १२ए व ८०जी ही मान्यता आणि सीएसआर-१ या कंपनी खात्याकडच्या नोंदणीचा क्रमांक लागतो. प्रयोगशाळेसारखी कायमची मालमत्ता संस्थेच्या नावे राहणार असेल तरी तो क्रमांक लागतोच. दोन, स्वतःच्या उत्पादनाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआर ठरत नाही. म्हणजे कुणी ‘आमचंच ॲप सगळ्या पालकांना घ्यायला लावा’ म्हणालं, तर नियम तुमच्या बाजूने आहे. आणि तिसरी गोष्ट, जी मला दुर्बिणीच्या वेळी माहीत नव्हती : प्रकल्प चालू स्वरूपाचा, म्हणजे एका वर्षात न संपणारा, धरला तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं खर्च करता येतो. देखभाल, बॅटऱ्या, शिक्षकांचं प्रशिक्षण या सगळ्याला इथे जागा आहे. मागायचं ते आपण.

मागायचं कधी? कंपन्यांचं वर्ष मार्चला संपतं आणि उरलेले पैसे खर्चायची घाई नेमकी आपल्या परीक्षांच्या तोंडावर होते. प्रस्ताव गणेश चतुर्थीच्या सुट्टीआधी गेलेला बरा.

अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू जोडून-बनवून शिकायची शाळेतली प्रयोगशाळा, हा वेगळा विषय. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनची ही योजना २०१६ पासून आहे. मूळ योजनेत २० लाखांपर्यंत अनुदान, त्यातले १० लाख उभारणीसाठी आणि १० लाख पाच वर्षांच्या खर्चासाठी. सहावी ते बारावीची मुलं आणि सपाट प्रदेशात १,५०० चौरस फूट जागा ही अट. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत हीच अडचण मोठी. अर्ज फक्त मुदत जाहीर होते तेव्हा ऑनलाइन भरता येतो. शाळेत तंत्रशिक्षण संचालनालयाच्या केअर्स योजनेतून कोडिंग-रोबोटिक्स आधीच चालू असेल तर तेही प्रस्तावात लिहा.

एक फाईल कायम तयार ठेवा : यूडायस कोड, शाळेचं मान्यतापत्र, संस्थेचं नोंदणीपत्र आणि पॅन, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, रद्द केलेला चेक, इयत्तावार पट, खोलीची मापं आणि फोटो. समोरच्या संस्थेकडून तिची नोंदणी, वर्गात येणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र आणि पोलिस पडताळणी घ्या. मुलांची नावं किंवा फोटो ॲपवर जाणार असतील तर पालकांची लेखी संमती हवीच. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येकजण मूलच आहे.

इथे खास गोव्याची एक अडचण. माजी विद्यार्थी इंग्लंडहून पैसे पाठवतो म्हणतो, आपण खूश होतो. त्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल तर ती परदेशी देणगी ठरते. संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ती घेता येत नाही, देणाऱ्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरीही. भारतीय पासपोर्टवर परदेशी नोकरी करणाऱ्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे मात्र चालतात. संकोच न करता पासपोर्ट विचारा.

करार दोन पानांचा असला तरी हरकत नाही. वस्तू कुणाच्या मालकीच्या, बिघडल्यास किती दिवसांत दुरुस्ती, शिक्षकांना किती दिवस शिकवणार, संस्थेचा माणूस बदलला तर कळवायचं कुणी, हे त्यात यावं. प्राथमिक शाळा असेल तर सूचना मराठीत किंवा कोकणीत हव्यात, असंही लिहा. चौथीच्या मुलापुढे इंग्रजी पुस्तिका ठेवून उपयोग नाही. आमच्या आताच्या करारात शेवटचं कलम असं आहे : जून ते सप्टेंबर साहित्य हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, आणि डब्याची किल्ली विज्ञान शिक्षकाकडे, कार्यालयात नाही.