फ्लॅश गेला, पण फायलींचं काय?

वेबसाइटवर अ‍ॅनिमेशन आणि खेळ चालवणाऱ्या फ्लॅश या जुन्या तंत्राला पुढे काही भवितव्य आहे का, असं जाणत्या डेव्हलपरला विचारलं तर तो आधी विचारतो, 'एफएलए आहे का, की नुसती एसडब्ल्यूएफ?' एफएलए ही मूळ फाइल, तर एसडब्ल्यूएफ ही तिच्यातून तयार होऊन फ्लॅश प्लेयर या ब्राउझरला जोडलेल्या प्रोग्रॅमवर चालणारी. फ्लॅश बनवायच्या सॉफ्टवेअरच्या सीएस५ आवृत्तीपासूनची एफएलए म्हणजे खरं तर झिप (अनेक फायलींचं एकच गाठोडं) असते. उघडली की आत एक्सएमएल (साध्या मजकुरात लिहिलेली रचना) आणि चित्रं सापडतात. नुसती एसडब्ल्यूएफ असेल तर डीकंपायलरने (तयार फाइल उलट उलगडणाऱ्या प्रोग्रॅमने) कोड आणि चित्रं काढता येतात, पण कोडमधल्या टिपा आणि लेयरची नावं परत मिळत नाहीत.

१९९६ साली 'फ्यूचरस्प्लॅश अ‍ॅनिमेटर' म्हणून आलेलं हे साधन लवकरच मॅक्रोमीडियाकडे गेलं. चित्रं व्हेक्टर, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा-आकारांच्या गणिताने साठवलेली असल्याने फाइल छोटी राहायची आणि डायल-अपवरही अ‍ॅनिमेशन चालायचं. २००० च्या फ्लॅश ५ मध्ये फ्लॅशची प्रोग्रॅमिंग भाषा अ‍ॅक्शनस्क्रिप्ट आली आणि २००५ मध्ये अ‍ॅडोबीने मॅक्रोमीडिया विकत घेतली. जुन्या फायली आज चालवण्यातल्या अडचणीचं मूळ २००६ मध्ये आहे. फ्लॅश प्लेयर ९ सोबत अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३ आणि तिच्यासाठी नवं व्हर्च्युअल मशीन (कोड चालवणारा प्लेयरमधला भाग) आलं, पण जुन्या फायली चालाव्यात म्हणून जुनं मशीनही प्लेयरमध्ये ठेवावं लागलं.

आयफोनवर फ्लॅश कधी चाललाच नाही. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहून त्यामागची कारणं मांडली. नोव्हेंबर २०११ मध्ये अ‍ॅडोबीने मोबाइल ब्राउझरसाठीचं काम थांबवलं. ३१ डिसेंबर २०२० ला प्लेयरचा पाठिंबा संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून खुद्द प्लेयरच फायली चालवायला नकार देऊ लागला.

आता भिस्त रफलवर आहे. रस्ट भाषेत लिहिलेला हा एम्युलेटर (जुन्या प्लेयरची नक्कल करणारा प्रोग्रॅम) ब्राउझरमध्ये वेबअसेंब्लीच्या, म्हणजे ब्राउझर थेट चालवू शकतात अशा कोडच्या रूपाने चालतो. त्याला दोन्ही मशीन नव्याने उभी करावी लागतात. जुन्या मशीनच्या फायली बहुतेक नीट चालतात. अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३ चं काम अजून पूर्ण नाही. म्हणून एसडब्ल्यूएफ कोणत्या मशीनची आहे हे कळण्यासाठी आधी ती हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधल्या बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडावी. सुरुवातीला एफडब्ल्यूएस असेल तर ती कॉम्प्रेस केलेली नाही, सीडब्ल्यूएस म्हणजे झेडलिब आणि झेडडब्ल्यूएस म्हणजे एलझेडएमए पद्धतीने कॉम्प्रेस केलेली. चौथी बाइट आवृत्ती सांगते. ८ किंवा त्याहून कमी असेल तर मशीन नक्की जुनं. ९ पासून पुढे, फाइलचे गुणधर्म नोंदवणाऱ्या, फाइल अ‍ॅट्रिब्यूट्स टॅगमधला अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३ चा फ्लॅग (ती भाषा वापरली का हे सांगणारी खूण) पाहावा लागतो. फाइल सर्व्हरकडून माहिती मागत असेल आणि तो सर्व्हर बंद असेल, तर एम्युलेटर कितीही चांगला असला तरी पडदा रिकामाच राहतो.

मराठी फायलींचं दुखणं आणखी वेगळं. फाइलमध्येच भरलेल्या (एम्बेड केलेल्या) फाँटमध्ये एका अक्षरचिन्हाला एक आकृती एवढाच हिशेब होता, जोडाक्षरांचे नियम नव्हते. 'कि' मधली वेलांटी 'क'च्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसायची. देवनागरी नीट मांडणारं टेक्स्ट इंजिन आलं २००८ च्या प्लेयर १० मध्ये. तोवर युनिकोडपूर्व फाँट (इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकृत्या बसवलेले) वापरणं किंवा फ्लॅशमधल्या 'ब्रेक अपार्ट' आज्ञेने मजकुराच्या आकृत्या करणं हेच मार्ग होते. पहिल्या प्रकारातला मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतो, पण रफार आणि जोडाक्षरं हाताने तपासावी लागतात. दुसऱ्या प्रकारात मजकूर उरलेलाच नसतो; पडद्यावर पाहून तो पुन्हा टाइप करावा लागतो.