संत राजाचा जबडा

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये एका राजाच्या खालच्या जबड्याचा अवशेष जपून ठेवला आहे. फ्रान्सचा नववा लुई, कॅथलिकांचा संत लुई, याचा तो जबडा. १२७० च्या ऑगस्टमध्ये, धर्मयुद्धाच्या (क्रुसेडच्या) छावणीत, ट्यूनिसजवळ हा राजा वारला. त्याला प्लेगने गाठले असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाई. २०१९ साली फ्रेंच संशोधक फिलिप शार्लिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जबड्याची तपासणी प्रसिद्ध केली. दात जिथे रुजतात त्या हाडाच्या काठावर त्यांना हिरड्यांच्या तीव्र दाहाच्या खुणा दिसल्या. त्यांचे निदान होते स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार.

राजाच्या ताटात मग काय नव्हते, आणि का नव्हते? याचे उत्तर शोधताना त्याच्या श्रद्धेकडे वळावेच लागते. पण आधी कोलाजेन समजून घेऊ.

कोलाजेन हे आपल्या शरीरातले सर्वात मुबलक प्रथिन. कातडी, हिरड्या, रक्तवाहिन्यांच्या भिंती, दात हाडात धरून ठेवणारे तंतू, खुद्द हाडाचा सांगाडा, सगळे यानेच विणलेले असते. त्याचा रेणू तीन पदरी दोरीसारखा असतो. तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळल्या जातात आणि तो पीळ सुटू नये म्हणून साखळीतल्या प्रोलिन या घटकावर ठिकठिकाणी ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बसवावी लागते. हे काम करणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) गाभ्यात लोहाचा अणू असतो. काम करताना लोह अधूनमधून ऑक्सिडीकृत होऊन निकामी होते, आणि त्याला पूर्ववत करते ते क जीवनसत्त्व. ते नसेल तर जोड्या बसत नाहीत. पक्का पीळ ३९ ते ४० अंश सेल्सिअसच्या आसपास सुटतो, तर जोड्या नसलेला कच्चा पीळ २४ अंशांच्या आसपासच उलगडतो. शरीराचे तापमान ३७ अंश. म्हणजे स्कर्व्हीच्या रोग्याचे नवे कोलाजेन तयार होतानाच विरघळल्यासारखे होते.

जिथे जुने कोलाजेन झपाट्याने बदलले जाते तिथे तडाखा आधी बसतो. दातांभोवतीचे तंतू हे असे ठिकाण. म्हणून हिरड्या सुजतात, रक्ताळतात, सडतात, दात हलू लागतात. केसांच्या मुळांशी असलेल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि पायांवर काळेनिळे ठिपके उठतात. बहुतेक प्राणी हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवतात. माणसात त्याच्या शेवटच्या पायरीचे जनुक मोडलेले आहे, त्यामुळे आपल्याला ते रोज खाऊनच मिळवावे लागते.

रोज किती? चांगला आहार असलेल्या प्रौढाच्या शरीरात सुमारे १५०० मिलिग्रॅम साठा असतो आणि उरलेल्या साठ्यापैकी साधारण ३ टक्के रोज खर्च होतो. खाण्यातून काहीच मिळाले नाही तर २३ दिवसांनी निम्मा साठा उरतो, ४६ दिवसांनी पाव. ३०० ते ३५० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यावर लक्षणे दिसू लागतात. रोज १० मिलिग्रॅम मिळाले तरी साठा ३३० च्या आसपास टिकून राहतो, कारण ३३० चे ३ टक्के म्हणजे १०. लिंबाच्या रसाचे चार-पाच चहाचे चमचे किंवा मूठभर शिजवलेली कोबी एवढ्यावर स्कर्व्ही टळते.

यातला ४६ हा आकडा ख्रिस्ती पंचांगातही आहे. वसईच्या कॅथलिक घरांत ज्याला राखेचा बुधवार म्हणतात, त्या दिवसापासून ईस्टरपर्यंत ४६ दिवस होतात. मधले सहा रविवार वगळले की उपवासकाळाचे ४० दिवस उरतात. तेराव्या शतकात या काळात मांस तर वर्ज्य होतेच, दूध आणि अंडीही बंद असत. मासे चालत. लुई एवढ्यावर थांबणारा नव्हता. वर्षभर शुक्रवारी तो उपास करी, बुधवारी मांस टाळी. हे दोन वारच वर्षाला १०४ होतात. त्याचे पापनिवेदन ऐकणारा डॉमिनिकन धर्मगुरू जोफ्र्वा द बोलिउ नोंदवतो की आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे आठवडे, आणि उपवासकाळ यांतल्या शुक्रवारी राजा मासे आणि फळेसुद्धा सोडत असे. पुढ्यात आलेला रस्सा चविष्ट असला तर तो त्यात थंड पाणी ओतून चव मारी, वाइनमध्ये भरपूर पाणी घाली.

हे प्रदर्शन नव्हते. आई ब्लांश हिच्या कडक धार्मिक शिस्तीत वाढलेला हा माणूस होता. १२३९ मध्ये येशूचा म्हणून मानला जाणारा काट्यांचा मुकुट पॅरिसला आला तेव्हा तो अनवाणी, साध्या अंगरख्यात चालला. त्या मुकुटासाठी त्याने १,३५,००० लिव्ह्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) मोजले होते, आणि तो ठेवायला बांधलेल्या साँत-शापेल या प्रार्थनामंदिराचा खर्च ४०,००० होता. त्याच्या घरी रोज १२० गरिबांना जेवण मिळे. पॅरिसमध्ये त्याने ३०० अंधांसाठी आश्रयस्थान उभारले. १२४४ मध्ये आजारात मरता मरता वाचला तेव्हा त्याने धर्मयुद्धाची शपथ घेतली. इथूनच जबड्याची कहाणी सुरू होते.

२५ ऑगस्ट १२४८ ला तो एग्-मोर्त बंदरातून निघाला. पुढच्या जूनमध्ये नाईलच्या मुखाजवळचे दमिएत्ता हाती आले, नोव्हेंबरमध्ये सैन्य नदीच्या वरच्या अंगाला निघाले, आणि ८ फेब्रुवारी १२५० रोजी मन्सुराची भीषण लढाई झाली. दुसऱ्याच दिवशी राखेचा बुधवार होता. त्यानंतर इजिप्तच्या सैन्याने सुट्या केलेल्या होड्या उंटांवरून वाहून नेऊन ख्रिस्ती छावणीच्या खाली नदीत उतरवल्या आणि दमिएत्ताहून येणारी रसद तोडली.

छावणीत पुढे काय झाले हे राजाचा सोबती जाँ द ज्वाँव्हील याने लिहून ठेवले आहे, आणि वैद्यकाच्या दृष्टीने तो मजकूर अमोल आहे. पायांचे मांस सुकले. कातडीवर काळे आणि मातकट डाग पडले, एखाद्या जुन्या बुटासारखे. हिरड्यांचे मांस सडून एवढे वाढले की न्हाव्यांना ते कापून काढावे लागे, त्याशिवाय घास चावता किंवा गिळता येत नसे. कापताना माणसांचा आक्रोश सगळ्या छावणीत ऐकू येई. नाकातून रक्त आले की मरण आले असे समजत. आजच्या पाठ्यपुस्तकातली स्कर्व्हीची लक्षणे यात जवळपास सगळी आहेत.

ज्वाँव्हीलने दोष दिला तो माशांना. लढाईतली प्रेते आठ-नऊ दिवसांनी फुगून पाण्यावर आली आणि पुलाशी अडकली. ती हलवायला राजाने शंभर माणसे लावली, त्यांना आठ दिवस लागले. उपवासकाळ असल्याने छावणीला खायला मिळत होता तो एकाच जातीचा मासा, आणि तो प्रेतांवर पोसलेला. ज्वाँव्हीलचा निष्कर्ष चुकला, निरीक्षण मात्र अचूक होते. माशाने विष दिले नव्हते. शिजवलेल्या माशात क जीवनसत्त्व जवळजवळ नसते आणि ताटात दुसरे काहीच नव्हते, हे खरे कारण. प्रेतांनी नासलेल्या पाण्यातून वेगळा रोग आला, रक्ती आव. आतड्यांचा असा आजार असला की माणूस कमी खातो, खाल्लेले नीट शोषले जात नाही, आणि साठा हिशेबापेक्षा लवकर संपतो. म्हणूनच लक्षणे ४६ दिवसांची वाट न पाहता उपवासकाळातच दिसली. नोव्हेंबरपासून वाटचाल करणाऱ्या या माणसांचा साठा मुळात भरलेला नसावाच.

राजालाही हगवणीने एवढे ग्रासले की त्याच्या आतल्या वस्त्राचा खालचा भाग कापून टाकावा लागला. होडीतून निसटण्याचा सल्ला त्याने नाकारला, सैन्याबरोबर राहीन म्हणाला. ५ एप्रिलच्या रात्री माघार सुरू झाली आणि तो पकडला गेला. त्याच्या सुटकेसाठी दमिएत्ता परत द्यावे लागले, सैन्याची खंडणी ठरली ४,००,००० लिव्ह्र.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. उपासाने राजाला मारले अशा मथळ्यांच्या बातम्या २०१९ मध्ये बऱ्याच छापून आल्या. ते तसे नाही. पॅरिसमध्ये राहून तोच उपवासकाळ पाळणाऱ्याला कोबी, कांदे, लीकची पात मिळत होती, आणि ४० दिवस मांस सोडल्याने कोणाला स्कर्व्ही होत नाही. मांस शिजवल्यावर त्यात हे जीवनसत्त्व तसेही फारसे उरत नाही. अडचण झाली ती वेढलेली छावणी, तुटलेली रसद, पोटाचा आजार आणि उपासाचे नियम एकाच वेळी आल्याने. भाजीपाला सैन्याच्या सामानात मोजलाच जात नव्हता. धान्य, खारवलेले मांस, वाइन हे मोजले जाई. यातल्या एकातही कामापुरते क जीवनसत्त्व नाही.

१२६७ मध्ये राजाने पुन्हा धर्मयुद्धाची शपथ घेतली तेव्हा तो एवढा खंगला होता की ज्वाँव्हीलने त्याला पॅरिसमध्ये एका घरापासून फ्रान्सिस्कन मठापर्यंत हातांवर उचलून नेले. ज्वाँव्हील स्वतः या वेळी गेला नाही, आणि राजाला जाऊ देणाऱ्यांनी पाप केले असे त्याने स्पष्ट लिहिले. जुलैच्या आरंभी जहाजे एग्-मोर्तहून सुटली, १८ जुलैला ट्यूनिसजवळ लागली. भर उन्हाळा, अपुरे पाणी, आणि लगेच हगवणीची साथ. दमिएत्तात जन्मलेला राजाचा मुलगा जाँ त्रिस्ताँ ३ ऑगस्टला गेला. २५ ऑगस्टला राजाला त्याच्या इच्छेप्रमाणे राखेवर झोपवले, आणि दुपारी त्याने प्राण सोडला. बंदर सोडल्यापासून हे सुमारे ५४ दिवस होतात. वरच्या हिशेबाने १५०० मिलिग्रॅमचे ३०० व्हायलाही जवळपास एवढेच दिवस लागतात. हा पुरावा नव्हे. साठा किती होता हे कोणी मोजलेले नाही, आणि वाटेत काही ताजे मिळालेही असेल. पण हगवणीने आतडी पोखरलेल्या ५६ वर्षांच्या माणसाच्या बाबतीत स्कर्व्हीचे निदान काळाच्या मापात बसते, एवढे यातून कळते.

आफ्रिकेच्या उन्हाळ्यात शव फ्रान्सला नेणे अशक्य होते, म्हणून तेव्हा रूढ असलेली पद्धत वापरली गेली. शवाचे भाग वेगळे करून ते पाणी आणि वाइनच्या मिश्रणात कित्येक तास उकळले, इतके की हाडे पांढरी, स्वच्छ सुटून आली. यामागेही कोलाजेनच आहे. ऊतींमध्ये कोलाजेनचे रेणू तंतूंत घट्ट रचलेले असल्याने सुट्या रेणूपेक्षा जास्त उष्णता सोसतात, पण ६० ते ६५ अंशांच्या वर ते आखडते, तिहेरी पीळ सुटतो आणि हळूहळू त्याचे जिलेटिन होऊन पाण्यात उतरते. वाइनमधल्या सौम्य आम्लाने तंतू फुगतात आणि काम लवकर होते. घाई केली तर सांध्यांवर मांस चिकटून राहते आणि प्रवासात सडते. हाडातले कोलाजेन मात्र एवढ्याने संपत नाही. खनिजाच्या कणांत ते घट्ट बसलेले असते, आणि म्हणूनच उकळलेले हाडही शतकानुशतके तपासण्याजोगे राहते. मांस आणि आतडी सिसिलीतल्या मोनरेआले येथे गेली. हाडे मुलगा तिसरा फिलिप याने इटलीमार्गे आणून २२ मे १२७१ रोजी साँ-दनी येथे, फ्रेंच राजांच्या दफनस्थळी, पुरली. १२९७ मध्ये लुईला संत घोषित करणाऱ्या पोप आठव्या बोनिफेसनेच दोन वर्षांनी शव उकळण्याच्या या प्रथेवर बंदी घातली.

तो संत ठरला म्हणून हाडे अवशेष म्हणून वाटली गेली, देवळांत जपली गेली. एखाद्या साध्या सरदाराचा जबडा आज तपासायला मिळालाच नसता.

जबडा खरोखर त्याचाच का, हा प्रश्न उरतो. संशोधकांनी त्याची ठेवण राजाच्या काळातल्या शिल्पाशी ताडून पाहिली आणि रेडिओकार्बनने, म्हणजे हाडातला किरणोत्सर्गी कार्बन-१४ किती घटला ते मोजून, वय काढले. वय अपेक्षेपेक्षा जुने आले, आणि या चुकीतच एक माहिती दडलेली आहे. समुद्राच्या पाण्यातला कार्बन हवेतल्या कार्बनपेक्षा सरासरी ४०० वर्षे जुना भासतो, कारण खोल पाणी वर यायला शतके लागतात आणि तेवढ्यात त्यातला कार्बन-१४ घटतो. समुद्री मासे तोच कार्बन अंगात घेतात. हाडाच्या कोलाजेनमधला कार्बन मुख्यतः खाल्लेल्या प्रथिनांतून येतो, म्हणून कोणाची २० टक्के प्रथिने समुद्री माशांतून आली असतील तर त्याचे हाड सुमारे ८० वर्षे जास्त जुने दिसेल. राजाच्या मत्स्याहाराचा हिशेब धरल्यावर जबड्याचे वय त्याच्या काळाशी जुळले.

निदानाला एक मर्यादा आहे. दातांच्या खोबणींभोवतीचे हाड साध्या हिरड्यांच्या रोगानेही झिजते, आणि मध्ययुगात तो रोग सार्वत्रिक होता. केवळ हाड पाहून स्कर्व्ही म्हणणे धाडसाचे ठरले असते. ज्वाँव्हीलचे वर्णन सोबत असल्याने निदानाला बळ येते, पण ते वर्णन १२५० च्या छावणीचे आहे, १२७० च्या नव्हे. राजाचा अंत संसर्गाने झाला आणि स्कर्व्हीने त्याची ताकद आधीच काढून घेतली होती, एवढे म्हणणे आजच्या पुराव्याला धरून आहे.