तोमोहिरो निशिकादो

तोमोहिरो निशिकादो (जन्म १९४४, ओसाका) म्हणजे 'स्पेस इन्व्हेडर्स' हा रांगेने खाली उतरणाऱ्या एलियनना गोळ्या घालायचा व्हिडिओ गेम बनवणारा जपानी गेम डिझायनर. त्याला प्रोग्रॅमर म्हणतात खरं, पण करिअरची पहिली काही वर्षं त्याने प्रोग्रॅम असा लिहिलाच नाही, कारण तेव्हाच्या आर्केड मशीनमध्ये (नाणं टाकून खेळायची गेमची मशीनं) प्रोसेसरच नसायचा, चिप्स एकमेकींना जोडून सर्किट उभं करायचं आणि ते सर्किट म्हणजेच गेम. नियम बदलायचा तर पुन्हा सोल्डरिंग गन हातात घ्या.

टोकियोत इंजिनिअरिंग शिकून तो साठच्या दशकाच्या शेवटी टाइटो कंपनीच्या गोतावळ्यात आला. आधी विमानं पाडायचा 'स्काय फायटर' (१९७१) हा यांत्रिक गेम केला, मग व्हिडिओ गेमकडे वळला. १९७३ चा 'सॉकर', १९७४ चा 'स्पीड रेस', १९७५ चा 'वेस्टर्न गन' हे त्याचेच. यातला 'वेस्टर्न गन' अमेरिकेतल्या मिडवे कंपनीने घेतला आणि मायक्रोप्रोसेसर, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारी चिप, टाकून नव्याने बनवला. निशिकादोला खेळायला आपलाच जास्त मजेशीर वाटला, पण स्क्रीनवरची हालचाल त्यांची सरस होती हे त्याने मान्य केलं आणि मायक्रोप्रोसेसर शिकायला घेतला.

पुढचं साधारण वर्षभर तो जवळपास एकटाच 'स्पेस इन्व्हेडर्स'वर बसला होता. डिझाइन, चित्रं, कोड सगळं त्याचंच, आणि डेव्हलपमेंटची साधनं बाजारात मिळत नव्हती म्हणून तीही स्वतःच बनवली. आधी रणगाडे, विमानं वगैरे ठेवून बघितली, ती नीट हलेनात. माणसं ठेवायला कंपनीचा नकार, माणसांवर गोळ्या झाडणं बरं दिसत नाही म्हणून. मग परग्रहवासी आणले, आणि परग्रहवासी म्हटल्यावर डोळ्यासमोर ऑक्टोपस, त्यामुळे तसे आकार.

आता खरी गंमत. स्क्रीनवर ११ च्या ५ रांगा, म्हणजे ५५ एलियन. मशीनमधल्या इंटेल ८०८० या प्रोसेसरला एवढे सगळे एकदम हलवणं झेपत नव्हतं, म्हणून एका फ्रेमला (स्क्रीनवरचं चित्र एकदा नव्याने उमटतं तेवढ्यात) एकच एलियन सरकायचा. सेकंदाला साधारण ६० फ्रेम, त्यामुळे सगळे शाबूत असताना अख्खी फौज जेमतेम एक पाऊल टाकायला जवळजवळ सेकंद लावते, पण तुम्ही जसजसे मारत जाता तसतशी प्रत्येकाची पाळी लवकर येते आणि शेवटचा उरलेला पठ्ठ्या तर नुसता सुसाट पळतो. ही हार्डवेअरची मर्यादा होती, निशिकादोने ती दुरुस्त करायच्या भानगडीत न पडता तशीच ठेवली, कारण खेळताना त्यानेच घाम फुटतो. मागे वाजणारे ते चार जड ठोकेही त्याच हिशोबाने जलद होत जातात. माझ्या मते हा त्याच्या आयुष्यातला सगळ्यात शहाणा निर्णय.

गेम १९७८ मध्ये आला. स्क्रीन ब्लॅक अँड व्हाइट, रंग हवे म्हणून वरून रंगीत सेलोफेनच्या पट्ट्या लावायचे! तरी जपानात असं वेड लागलं की नुसती हीच मशीनं मांडलेली दुकानं निघाली. नाण्यांची टंचाई झाल्याचा किस्साही खूप फिरतो, त्याला फारसा आधार नाही.

१९९६ मध्ये त्याने टाइटो सोडून ड्रीम्स नावाची स्वतःची कंपनी काढली. आणि हो, स्वतःच्या या गेममध्ये तो कच्चाच, पहिली लेव्हल पार करतानाच दमछाक होते असं त्यानेच मुलाखतीत सांगितलंय.