चामलोंग श्रीमुएंग: एकभुक्त जनरलची पार्श्वभूमी

२० मे १९९२ च्या रात्री थायलंडमधल्या घराघरांत टीव्हीवर एकच दृश्य होते. राजे भूमिबोल कोचावर बसलेले आणि समोर गालिच्यावर पाय मुडपून बसलेली दोन माणसे. एक पंतप्रधान जनरल सुचिंदा क्राप्रायून. दुसरे त्यांच्याविरुद्ध लाखो लोकांना रस्त्यावर आणणारे निवृत्त मेजर जनरल चामलोंग श्रीमुएंग. दोघेही चुलाचोमक्लाओ लष्करी अकादमीचे. सुचिंदा पाचव्या बॅचचे, चामलोंग सातव्या. थाई सैन्यात बॅच म्हणजे जवळजवळ भावकीच असते, आणि या दोन बॅचमधली चढाओढ जुनी होती.

चामलोंग यांचा जन्म १९३५ चा, बँकॉकला लागून असलेल्या थोनबुरीतला, गरीब घरातला. लाओस आणि व्हिएतनाममध्ये त्यांनी लष्करी कामगिरी केली. पंतप्रधान प्रेम तिनसुलानोंदा यांचे ते सचिव झाले, पण गर्भपाताचा कायदा सैल करायला त्यांचा विरोध होता आणि त्यावरून १९८१ मध्ये त्यांनी ते पद सोडले. त्यांचा पिंड असाच होता: पटले नाही की खुर्ची सोडायची.

याच्या मुळाशी सांती असोक हा कडक शिस्तीचा बौद्ध पंथ आहे. चामलोंग शाकाहारी, दिवसातून एकदाच जेवणारे; पत्नीच्या संमतीने त्यांनी ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेले. अंगात शेतकरी घालतात तो निळा सुती सदरा. १९८५ मध्ये असा माणूस बँकॉकच्या गव्हर्नरपदासाठी उभा राहिला आणि भ्रष्टाचाराला विटलेल्या शहराने त्याला भरभरून मते दिली. १९९० मध्ये पुन्हा तेच झाले. मधल्या काळात, १९८८ मध्ये, त्यांनी ‘पलांग धर्म’ म्हणजे धर्मशक्ती नावाचा पक्ष काढला.

फेब्रुवारी १९९१ मध्ये लष्कराने चातिचाई चुन्हावान यांचे निवडून आलेले सरकार उलथवले. पंतप्रधान होणार नाही, असा शब्द या बंडाच्या म्होरक्यांपैकी एक असलेल्या सुचिंदांनी दिला होता. मार्च १९९२ मध्ये निवडणूक झाली, बँकॉकच्या ३५ पैकी ३२ जागा पलांग धर्मने जिंकल्या. तरीही एप्रिलमध्ये स्वतः निवडणूक न लढवलेले सुचिंदाच पंतप्रधान झाले. ४ मे रोजी चामलोंग आमरण उपोषणाला बसले. त्यांच्याभोवती जमलेल्या गर्दीत ऑफिसात काम करणारी मध्यमवर्गीय मंडळी इतकी होती की, मोबाईल तेव्हा चैनीची वस्तू असल्याने, लोक त्याला ‘मोबाईलवाला जमाव’ म्हणू लागले. पाच दिवसांनी उपोषण सोडून त्यांनी आंदोलनाची सूत्रे हाती घेतली. १७ मे रोजी सनाम लुआंग मैदानातून निघालेला मोर्चा फान फा पुलावर काटेरी तारांपाशी अडला. त्या रात्रीपासून गोळीबार सुरू झाला. सरकारी आकड्यानुसार ५२ जण मारले गेले. बेपत्ता झालेले वेगळेच. १८ तारखेला राचादाम्नोएन रस्त्यावर, कॅमेऱ्यांसमोर, चामलोंगना अटक झाली.

राजांसमोरच्या त्या भेटीनंतर चार दिवसांत सुचिंदा पायउतार झाले, आणि पंतप्रधान हा निवडून आलेला खासदारच असला पाहिजे, ही तरतूद घटनेत आली. त्याच वर्षी चामलोंगना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला वाटते, त्यांच्या आयुष्याचे शिखर हेच.

त्यापुढचा भाग वाचताना मन दुखते. १९९४ मध्ये थाकसिन शिनावात्रा या उद्योगपतीला राजकारणात आणले ते चामलोंग यांनीच. २००६ मध्ये, एव्हाना पंतप्रधान झालेल्या त्याच थाकसिनविरुद्ध ते पिवळ्या शर्टवाल्यांच्या आघाडीसोबत रस्त्यावर उतरले. भ्रष्टाचाराची चीड खरी होती, यात मला शंका नाही. पण मागणी काय होती? राजाने पंतप्रधान नेमावा! ज्या तत्त्वासाठी ५२ जीव गेले, ते नेमके उलटे. सप्टेंबरमध्ये रणगाडे आले, लष्कराने थाकसिनचे सरकार उलथवले. २००८ मध्ये याच आघाडीने सरकारी मुख्यालय बळकावले, वर्षअखेरीस सुवर्णभूमी विमानतळही बंद पाडला, आणि संसदेत ७० टक्के सदस्य नेमलेले असावेत, असा प्रस्तावही मांडला.

मुख्यालयाच्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये आठ महिन्यांची शिक्षा कायम केली. ८३ वर्षांचे चामलोंग तुरुंगात गेले आणि मे महिन्यात, नव्या राजाच्या राज्याभिषेकानिमित्त मिळालेल्या माफीने बाहेर आले.