गुदमरलेल्या पेशी आणि डानशेनचं लाल मूळ

एका बशीत पेशी वाढवायच्या. त्यांच्या खाद्यद्रवातलं ग्लुकोज काढून घ्यायचं, मग बंद पेटीत नायट्रोजन सोडून ऑक्सिजन हुसकून लावायचा आणि काही तास थांबायचं. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के. पेटीत जेमतेम एक, कधी त्याहूनही कमी. हार्ट अटॅक किंवा पक्षाघातात शरीरात जे घडतं, त्याची ही प्रयोगशाळेतली नक्कल. १९७६ साली उंदराच्या भ्रूणाच्या हृदयापासून निघालेला पेशींचा एक वंश आजही यासाठी जगभर वापरतात.

चिनी प्रयोगशाळा या बशीत वारंवार जे द्रव्य टाकून बघतात, ते टॅनशिनोन-२ए. ते डानशेन या वनस्पतीच्या मुळात असतं. ही तुळशी-पुदिन्याच्या कुळातली. हल्ली आपल्याकडेही मिळणारा चिया तर तिच्याच प्रजातीतला (जीनसमधला), जात तेवढी वेगळी. ‘डान’ म्हणजे लाल, आणि मुळाचा तो विटकरी रंग टॅनशिनोनांचाच. छातीतल्या दुखण्यावर चिनी वैद्य हे मूळ पिढ्यान्‌पिढ्या देत आले आहेत.

ऑक्सिजन तुटला म्हणून पेशी लगेच मरत नाही. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, आटतं, क्षारांची ने-आण करणारे पेशीच्या आवरणातले पंप बंद पडतात, सोडियम आणि कॅल्शियम आत घुसतं. दरम्यान एचआयएफ नावाचं प्रथिन साचू लागतं. एरवी ते तयार होताच मोडीत निघतं. ऑक्सिजन घटला की टिकतं आणि काटकसरीने जगण्याची जनुकं चालू करतं. याच शोधाबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९चं नोबेल मिळालं.

खरी गंमत (पेशीच्या दृष्टीने शोकांतिका) पुढे आहे. रक्त परत वाहू लागलं की नवाच घात होतो. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात, उपाशी असताना, सक्सिनेट नावाचं द्रव्य साचलेलं असतं. ऑक्सिजन मिळताच ते भराभर जळतं, मुक्त मूलकांचा, म्हणजे दिसेल त्याची मोडतोड करणाऱ्या रेणूंचा, लोंढा सुटतो आणि तगून राहिलेल्या पेशीही मरतात. टॅनशिनोन घातलं की हा लोंढा ओसरतो आणि पेशीचे स्वतःचे बचावाचे एन्झाइम वाढतात, असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे.

मला मात्र या प्रयोगांची वेळ खटकते. बरेचदा औषध आधी घालतात, ऑक्सिजन नंतर तोडतात. अटॅक येण्याच्या आदल्या दिवशी कोणता रोगी दवाखान्यात येतो? दुसरी अडचण मोजणीची. जिवंत पेशी पिवळ्या रसायनाचं जांभळं करतात, आणि जांभळा रंग जितका गडद तितक्या पेशी जगल्या असं धरतात. पण टॅनशिनोन हे क्विनोन, म्हणजे इलेक्ट्रॉनांची देवघेव करणारं द्रव्य. अशी द्रव्यं रंगाच्या चाचणीत स्वतःच ढवळाढवळ करू शकतात. म्हणून दुसऱ्या पद्धतीने पडताळा घेतलेला नसेल, तर मी असा निष्कर्ष बाजूला ठेवतो.

शिवाय टॅनशिनोन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. बशीत ते वेगळ्या द्रावकातून सोडावं लागतं. परंपरेतला काढा मात्र पाण्यातला. त्यात उतरतात ती मुख्यतः सॅल्व्हियानोलिक आम्लं, म्हणजे वेगळीच द्रव्यं! काढ्याचा अनुभव टॅनशिनोनच्या खात्यावर जमा करता येत नाही.

२००६मध्ये झालेल्या एका मोजदादीत, पक्षाघातात मेंदू वाचवण्यासाठी तपासलेले १,०२६ उपाय निघाले. प्राण्यांत आणि बशीत गुण दाखवणारे त्यात ढीगभर होते. रोग्यांपर्यंत टिकलेले हाताच्या बोटांवर.

घरात कुणी हृदयरोगी असेल आणि ही मुळी ऑनलाइन मागवायचा विचार चालला असेल, तर एक गोष्ट आधी बघा. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी डानशेन घेतल्यावर रक्त प्रमाणाबाहेर पातळ झाल्याच्या आणि रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणाऱ्या आयएनआर तपासणीत आकडा चढलेला दिसतो.