जनुक-वाहकांची प्राण्यांवरील सुरक्षितता चाचणी

जनुकोपचारात हवे ते जनुक पेशीपर्यंत नेणाऱ्या साधनाला वाहक म्हणतात. एएव्ही (अॅडिनो-असोसिएटेड व्हायरस), अॅडिनोव्हायरस आणि लेंटिव्हायरस हे रोग पसरवण्याची क्षमता काढून घेतलेले विषाणू, तसेच लिपिड नॅनोकण (चरबीचे अतिसूक्ष्म कण), हे आजचे प्रमुख वाहक होत. माणसाला पहिली मात्रा देण्याआधी वाहक शरीरात कुठे पोहोचतो, किती काळ टिकतो आणि कोणत्या अवयवाला इजा करतो, हे प्राण्यांत तपासले जाते. साध्या औषधाचा त्रास झाला तर गोळी थांबवता येते. शिरेतून गेलेला वाहक परत काढता येत नाही, म्हणून या चाचणीवर एवढा भर.

पहिला प्रश्न प्राणी कोणता, आणि चाचणी इथेच फसू शकते. एएव्ही-पीएचपी.ईबी हा वाहक सी५७बीएल/६ जातीच्या उंदरांत रक्तातून मेंदूत सहज शिरतो. बाल्ब/सी उंदरांत आणि माकडांत ते जमत नाही. त्याला लागणारे एलवाय६ए हे प्रथिन काही जातींच्या उंदरांतच योग्य रूपात असते. नर उंदराच्या यकृतात एएव्ही मादीच्या तुलनेत कितीतरी पट अधिक उतरतो, त्यामुळे दोन्ही लिंगांचे प्राणी घ्यावेच लागतात. माकडांत निसर्गतःच एएव्हीविरोधी प्रतिपिंडे असतात. निवड करण्यापूर्वी रक्तजल तपासले नाही, तर वाहक रक्तातच निकामी होतो आणि ‘काहीच दुष्परिणाम नाही’ असा खोटा निकाल हाती येतो. मानवी प्रथिन तयार करणारे जनुक उंदराला दिल्यास त्या प्रथिनाविरुद्धच प्रतिपिंडे तयार होतात. अशा वेळी त्याच प्राण्याचे समकक्ष जनुक घालून समांतर गट ठेवणे उत्तम.

मात्रा वाहकातील जनुक-प्रतींच्या संख्येवर, वजनानुसार ठरते. दर किलोला १०० लाख कोटी प्रती द्यायच्या, तर २५ ग्रॅमच्या उंदराला अडीच लाख कोटी लागतात. साठ्यात दर मिलिलिटरला १० लाख कोटी प्रती असतील, तर ०.२५ मिलिलिटर टोचावे लागेल. शेपटीच्या शिरेतून एका वेळी देण्याची नेहमीची कमाल मर्यादाही तेवढीच, म्हणजे दर किलोला १० मिलिलिटर. साठा याहून पातळ असेल तर ही मात्रा देताच येत नाही. प्रतींची मोजणी ड्रॉपलेट डिजिटल पीसीआर या डीएनए मोजण्याच्या पद्धतीने करावी आणि जनुक नसलेल्या रिकाम्या कवचांचे प्रमाण व एंडोटॉक्सिन (जिवाणूंपासून येणारे, ताप आणणारे विष) वेगळे तपासावे. अशुद्ध साठ्याने आलेला ताप वाहकाच्या नावावर जमा होतो. वाहक प्लास्टिकला आणि सुईला चिकटतो, म्हणून द्रावणात ०.००१ टक्के प्लुरॉनिक एफ-६८ हा चिकटणे रोखणारा पदार्थ मिसळतात. साठा पुन्हा पुन्हा गोठवू-वितळवू नये. पिचकारीत उरलेले द्रावण मोजून पाहिले, तर प्राण्याला प्रत्यक्षात किती मिळाले ते कळते; हे काम कंटाळवाणे वाटते, पण टाळू नये.

टोचण्याआधी उंदराला काही मिनिटे ऊब देतात, म्हणजे शीर फुगते. शेपटीवर पांढरा फुगवटा उठला तर द्रावण शिरेबाहेर गेले असे समजावे. असा प्राणी वगळायचा की ठेवायचा, हा नियम आराखड्यात आधीच लिहिलेला हवा. निकाल पाहून ठरवलेली वगळणी कोणी मान्य करत नाही.

गट साधारण चार: फक्त द्रावण (नियंत्रण गट), अल्प, मध्यम आणि उच्च मात्रा. अमेरिकी नियामकांची अपेक्षा उंदरांत प्रत्येक गटात, प्रत्येक टप्प्याला, प्रत्येक लिंगाचे किमान पाच प्राणी अशी आहे. शवविच्छेदनात रक्त, टोचलेली जागा, जननग्रंथी, अधिवृक्क (मूत्रपिंडावरची ग्रंथी), मेंदू, मज्जारज्जूचे तीन भाग, यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस, हृदय आणि प्लीहा घेतात. आयसीएच एस१२ या औषध-नियमनाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतील हा किमान संच. पीसीआरने दर मायक्रोग्रॅम डीएनएमागे ५० प्रतीही पकडता आल्या पाहिजेत. इतक्या संवेदनशील मापनात यकृताचा एक थेंब जननग्रंथीच्या नमुन्यात गेला, तरी जनुक पुढच्या पिढीत जाईल अशी खोटी धोक्याची घंटा वाजते. म्हणून शवविच्छेदन आधी नियंत्रण गटाचे, मग चढत्या मात्रेने. प्रत्येक अवयवाला नवी हत्यारे. आणि यकृत सर्वांत शेवटी.

उच्च मात्रेत काय शोधायचे, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने शिकवले. दर किलोला २०० लाख कोटी प्रती दिल्यावर माकडांत यकृताची विकरे उसळली, एकाला चौथ्या दिवशी मारावे लागले, आणि डुकराच्या पिल्लांचा तोल गेला. तेव्हापासून एएलटी, एएसटी (यकृताची इजा दाखवणारी विकरे) व प्लेटलेट यांच्या जोडीला पाठीच्या कण्याशेजारील संवेदी चेतागुच्छांचे काप आवर्जून पाहतात. माकड बाहेरून ठणठणीत दिसत असताना तिथे चेतापेशी मेलेल्या सापडतात.

प्राण्यांवरील चाचण्यांनंतरही माणसांत जे घडले, त्याची यादीही मोठी आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत जेसी गेलसिंगर हा १८ वर्षांचा तरुण जनुकोपचाराच्या चाचणीत अॅडिनोव्हायरस दिल्यावर चार दिवसांत दगावला. प्रतिकारशक्तीच्या जन्मजात विकारावरील पॅरिसमधील चाचणीत रेट्रोव्हायरस (लेंटिव्हायरसच्याच कुळातील वाहक) एलएमओ२ या कर्करोगाशी संबंधित जनुकाजवळ घुसला आणि काही मुलांना रक्ताचा कर्करोग झाला. स्नायुविकाराच्या एका एएव्ही चाचणीत दगावलेल्या मुलांच्या यकृतात आधीपासूनच दोष होता. निरोगी, तरुण प्राण्यांत तो कसा दिसणार? कर्करोगाचा धोका तर तीन महिन्यांच्या अभ्यासात बहुधा निसटतोच. नवजात उंदरांत एएव्हीमुळे यकृतात गाठी आढळल्या आहेत, पण त्यासाठी उंदीर म्हातारे होईपर्यंत थांबावे लागले.

गोव्यात अशी चाचणी उभारायची तर पहिला शत्रू पावसाळा. पशुगृहाच्या भारतीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार सापेक्ष आर्द्रता ३० ते ७० टक्के हवी आणि तासाला १२ ते १५ वेळा हवा बदलायला हवी. जून ते सप्टेंबर बाहेरच्या हवेत याहून कितीतरी जास्त ओल असते, त्यामुळे नुसता एसी पुरत नाही. आत येणारी हवा आधी कोरडी करणारी वेगळी यंत्रणा लागते. नाहीतर खाद्याला बुरशी धरते. मका-शेंगदाण्यावरच्या बुरशीतील अॅफ्लाटॉक्सिन यकृतच बिघडवते, आणि एएव्हीचा पहिला घावही यकृतावरच, त्यामुळे एएलटी का वाढले हे सांगता येत नाही. खाद्य लहान गोण्यांत मागवून प्रत्येक लॉट तपासावा. उणे ८० अंशांच्या फ्रीझरला जनित्र हवेच. वीज गेल्याची नोंद ठेवणारा तापमापकही हवा. कोरडा बर्फ घालून आलेले खोके दाबोळी किंवा मोपा विमानतळावर अडकून पडू नये, म्हणून शनिवार-रविवारी माल मागवू नये.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील जंगलात माकडतापाचे (माकडांनाही होणाऱ्या विषाणूजन्य तापाचे) रुग्ण आढळले आहेत. त्यामुळे तिथल्या रानटी माकडांचा अशा चाचणीला काहीही उपयोग नाही. ‘अगोंदा गोवन’ ही गोव्याची देशी डुकराची जात, पण परसातल्या डुकरांचा आरोग्य-इतिहास माहीत नसतो. वेर्णा, कुंडई, पिळर्णच्या औषध कारखान्यांतील गुणवत्ता-तपासणीचा अनुभव एंडोटॉक्सिन आणि निर्जंतुकता मापनात थेट कामी येतो. विकृतिवैज्ञानिकाची (पॅथॉलॉजिस्टची) नजर मात्र वेगळी तयार करावी लागते.

परवानग्या दुहेरी लागतात. उंदीर, ससे यांपुरता प्रस्ताव संस्थेची प्राणी नैतिकता समिती मंजूर करते. कुत्रा, माकड यांसाठी तो केंद्र सरकारच्या प्राणी-प्रयोगविषयक समितीकडे जातो. जनुकीय बदल केलेल्या विषाणूसाठी संस्थेची जैवसुरक्षा समिती आणि पुढे जैवतंत्रज्ञान विभागाची आरसीजीएम ही जनुकीय बदलांचा आढावा घेणारी समिती. टोचल्यानंतर विष्ठा-मूत्रातून वाहक बाहेर पडतो, म्हणून पिंजऱ्यातला भुसा ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) केल्याशिवाय बाहेर काढू नये.