चरबीची गाठ, सीटीचे आकडे आणि सुईची दिशा

आतडी आणि जठर ज्या पातळ उदरावरणात असतात त्याच्या मागे, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, मूत्रपिंडे, मोठ्या रक्तवाहिन्या आणि भरपूर चरबी सामावलेली एक सैल जागा असते. तेथे वाढणाऱ्या गाठीला अडवणारे काही नसते. शेजारची इंद्रिये सरकून वाट देत राहतात, आणि म्हणून गाठ १५-२० सेंटिमीटरची झाली तरी रुग्णाला पोट जड वाटण्यापलीकडे फारसे काही जाणवत नाही. प्रौढांच्या कर्करोगांत मृदू ऊतींच्या सार्कोमाचे, म्हणजे स्नायू, चरबी अशा ऊतींत उद्भवणाऱ्या कर्करोगाचे, प्रमाण जेमतेम १ टक्का असते आणि त्यांतलेही थोडेच या जागेत उद्भवतात. त्यांत सर्वाधिक आढळतो तो लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीशी साधर्म्य असलेला कर्करोग.

हातापायांतील अशा गाठींसाठी एमआरआय अधिक उपयुक्त ठरते. पोटात मात्र सीटीला, म्हणजे क्ष-किरणांनी शरीराच्या आतील छेदांचे चित्र घेणाऱ्या तपासणीला, पसंती मिळते, कारण एकदा श्वास रोखला की काही सेकंदांत छातीपासून जांघेपर्यंतचे चित्र हाती येते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन झाले. हे यंत्र घडवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना १९७९ मध्ये ॲलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. शरीरातील प्रत्येक बिंदू क्ष-किरण किती शोषतो यावरून त्याला मिळणारा आकडा हाउन्सफील्ड यांच्याच नावाने ओळखला जातो: पाणी ०, हवा उणे १०००, चरबी उणे १०० च्या आसपास आणि स्नायू साधारण ४० ते ६०.

सौम्य, म्हणजे कर्करोगच पण कमी आक्रमक, प्रकारच्या लायपोसार्कोमात बहुतेक भागाचा आकडा निरोगी चरबीइतकाच येतो, आणि म्हणूनच तो नजरेतून सुटू शकतो. अशा वेळी एका बाजूला ढकललेले मूत्रपिंड, पुढे सरकलेले मोठे आतडे आणि चरबीत दिसणारे जाड पडदे हेच पुरावे असतात. मूत्रपिंडातून उगवणारी अँजिओमायोलिपोमा ही निरुपद्रवी गाठही चरबीचीच दिसते. पण ती जेथून उगवते तेथे मूत्रपिंडाच्या पृष्ठभागाला खाच पडलेली असते, तर लायपोसार्कोमा मूत्रपिंडाला सहसा बाहेरून दाबतो आणि त्याची कड गुळगुळीत राहते.

सर्वांत महत्त्वाचा भाग यानंतर येतो. चरबीच्या या ढिगात कधी कधी स्नायूसारखा आकडा असलेला घट्ट भाग दिसतो आणि शिरेतून आयोडीनयुक्त औषध दिल्यावर तो उजळतो. कर्करोगाने अधिक आक्रमक रूप घेतल्याचा तो इशारा असू शकतो, म्हणून सीटीच्या मार्गदर्शनाखाली बायोप्सी करताना, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढताना, सुई नेमकी तिथेच, शक्यतो पाठीच्या किंवा कुशीच्या बाजूने, न्यावी लागते. तुकडा नुसत्या चरबीतून घेतला तर पॅथॉलॉजिस्टला फक्त सौम्य भाग दिसतो आणि उपचारांची आखणीही त्याच समजुतीवर होते. जनुक तपासणीही ही चूक सुधारू शकत नाही: एमडीएम२ जनुकाच्या वाढलेल्या प्रती सौम्य आणि आक्रमक अशा दोन्ही प्रकारांत सापडतात, त्यामुळे गाठ लायपोसार्कोमा आहे हे कळते, पण ती किती आक्रमक आहे हे कळत नाही.

ही गाठ कधी जांघेच्या मार्गाने खाली उतरते आणि हर्निया समजून तिच्यावर छोटी शस्त्रक्रिया उरकली जाते. माझ्या मते हे सर्वांत टाळण्याजोगे नुकसान आहे, कारण गाठ अखंड काढण्याची सर्वांत चांगली संधी पहिल्याच शस्त्रक्रियेत असते आणि गाठ मध्येच कापली गेली की ती हातची जाते. जांघेतील चरबीचा फुगवटा नेहमीपेक्षा मोठा असेल किंवा आत ढकलला जात नसेल, तर चाकू लावण्यापूर्वी सीटी करून घेणे योग्य.

शस्त्रक्रियेनंतरही तपासणी थांबत नाही. सौम्य प्रकार दूरवर सहसा पसरत नाही, पण त्याच जागी, कधी अनेक वर्षांनी, पुन्हा उगवतो; आक्रमक प्रकार फुप्फुसांपर्यंत पोहोचू शकतो, म्हणून पोटाबरोबर छातीचेही सीटी ठरावीक काळाने केले जाते आणि प्रत्येक नवे चित्र शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या चित्राशी ताडून पाहिले जाते.